नियोजित वीजबंदीपूर्वी पोस्टग्रेसक्यूएल सर्व्हर सुरक्षितपणे बंद कसा करावा आणि नंतर कोणत्या क्रमाने सुरू करावा?

प्रश्न : संकलनकक्ष

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या दूध संघाचा सगळा हिशेब उबुंटूवर चालणाऱ्या पोस्टग्रेसक्यूएल १५ या डेटाबेसमध्ये आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशेतर घनपदार्थ) यांच्या नोंदी येतात आणि त्यांवरून दर दहा दिवसांनी बिले निघतात. मुख्य सर्व्हरखेरीज शेजारच्या इमारतीत एक स्टँडबाय (राखीव) सर्व्हर आहे आणि तो स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने, म्हणजे मुख्य सर्व्हरवरील बदल सतत उतरवून घेण्याच्या सोयीने, जोडलेला आहे. येत्या रविवारी उपकेंद्राच्या देखभालीसाठी सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत वीजपुरवठा बंद राहील, अशी सूचना आली आहे. यूपीएसवर यंत्रे जेमतेम अर्धा तास तग धरतात, त्यामुळे डेटाबेस आधीच रीतसर बंद करावा लागेल.

पूर्वीच्या कंत्राटदाराने या कामासाठी एक टिपण ठेवले आहे. त्यात लिहिले आहे की आधी पीजी-सीटीएल या आज्ञेने ‘स्मार्ट’ पद्धतीने सर्व्हर थांबवावा, एका मिनिटात तो थांबला नाही तर पोस्टग्रेसच्या सर्व प्रक्रियांना किल -९ (तत्काळ सक्तीने बंद करण्याचा आदेश) द्यावे, आणि वीज आल्यावर डेटा डिरेक्टरीतील पोस्टमास्टर.पीआयडी ही फाइल पुसून सर्व्हर सुरू करावा. मला ही पद्धत धोक्याची वाटते, परंतु तिच्यात नेमके काय चुकते आहे हे संचालकांना समजावून सांगता येईल इतकी माझी माहिती पक्की नाही. हे टिपण बाजूला ठेवायचे असेल तर त्याच्या जागी कोणता क्रम पाळावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : विदाराखण

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. त्या टिपणातील तिन्ही पायऱ्या बदलायला हव्यात, आणि त्यांपैकी तिसरी तर कोणत्याही परिस्थितीत पाळू नये.

पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. पोस्टग्रेस थांबवण्याच्या तीन पद्धती आहेत. ‘स्मार्ट’ पद्धतीत सर्व्हर नवीन जोडण्या नाकारतो, मात्र आधीपासून जोडलेल्या प्रत्येकाने स्वतःहून बाहेर पडावे म्हणून तो वाट पाहत राहतो. आपल्या प्रणालीत कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, असेल (आणि बहुधा असेलच), तर पूलमधील जोडण्या काम नसतानाही उघड्याच राहतात. म्हणून सर्व्हर एका मिनिटात काय, दिवसभरातही थांबणार नाही. मधल्या काळात जुन्या जोडण्यांवरचे काम चालू राहते आणि नव्यांना त्रुटी मिळते, म्हणजे केंद्रांपैकी काहींची नोंद होते आणि काहींची होत नाही. ‘फास्ट’ पद्धतीत सर्व्हर चालू ट्रान्झॅक्शन (अजून पक्के न झालेले बदल) मागे फिरवतो, जोडण्या तोडतो, मेमरीतील बदललेली सर्व पाने डिस्कवर उतरवून शेवटचा चेकपॉइंट (इथपर्यंतचे बदल डिस्कवर पोहोचल्याची खूण) लिहितो आणि मगच थांबतो. हे पूर्णपणे स्वच्छ बंद होणे आहे. नाव ‘फास्ट’ असल्यामुळे काही जण बिचकतात, परंतु त्यात घाईगर्दी कुठेच नाही. पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून पीजी-सीटीएलची मूळ निवडही हीच आहे. त्यापूर्वी ती ‘स्मार्ट’ होती, आणि आपले टिपण बहुधा त्याच काळातील सवयीवर बेतलेले आहे. तिसरी पद्धत ‘इमीजिएट’. तिच्यात चेकपॉइंट लिहिलाच जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी सुरू होताना सर्व्हरला डब्ल्यूएएलमधील, म्हणजे बदल आधी जिथे लिहिले जातात त्या लॉगमधील, नोंदी पुन्हा चालवून स्वतःला सावरावे लागते.

आता दुसरी पायरी. पीजी-सीटीएल मुळात साठ सेकंद वाट पाहते आणि तेवढ्यात काम संपले नाही तर सर्व्हर बंद होत नसल्याचा संदेश देते. या संदेशाचा अर्थ इतकाच, की वाट पाहणाऱ्या आज्ञेची मुदत संपली. सर्व्हरचे बंद होणे मात्र आत चालूच असते. शेअर्ड बफर (डिस्कवरील पाने ठेवण्याची सामायिक मेमरी) मोठे असतील आणि डिस्क संथ असेल, तर शेवटच्या चेकपॉइंटला काही मिनिटे लागणे अगदी स्वाभाविक आहे. नेमक्या त्या क्षणी किल -९ देणे म्हणजे जवळपास पूर्ण होत आलेले लिखाण मध्येच तोडणे होय. वाट पाहण्याची मुदत आधीच वाढवून ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीत सर्व्हरचा लॉग उघडा ठेवावा. ‘रिसीव्हड फास्ट शटडाऊन रिक्वेस्ट’ ही ओळ आली म्हणजे आज्ञा पोहोचली, आणि ‘डेटाबेस सिस्टिम इज शट डाऊन’ ही ओळ आली म्हणजे काम संपले. या दोन ओळींच्या दरम्यान कोणत्याही प्रक्रियेला हात लावू नये.

हीच गोष्ट सिस्टिमडीला, म्हणजे उबुंटूवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला, लागू होते. स्वतः लिहिलेल्या सर्व्हिस फाइलीत थांबण्याची मुदत दिलेली नसेल, तर सिस्टिमडी सहसा नव्वद सेकंद थांबते आणि मग स्वतःच किल -९ देते, म्हणजे जे आपण हाताने टाळले तेच यंत्र आपल्या नकळत करते. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातील नमुना फाइलीत म्हणूनच ही मुदत अमर्याद ठेवलेली आहे. उबुंटूच्या पॅकेजसोबत येणाऱ्या फाइलीत मुदत पुरेशी मोठी असते, तरीही कंत्राटदाराने ती बदललेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

तिसरी पायरी सर्वांत घातक का, तेही सांगतो. पोस्टमास्टर.पीआयडी ही फाइल म्हणजे त्या डेटा डिरेक्टरीवर कोणता सर्व्हर चालू आहे याची नोंद असते, आणि सामायिक मेमरीची ओळखही तिच्यातच लिहिलेली असते. समजा, किल -९ फक्त मुख्य प्रक्रियेला लागले आणि तिच्या काही उपप्रक्रिया जिवंत राहिल्या. अशा वेळी नवा सर्व्हर सुरू करू गेल्यास पोस्टग्रेस ही फाइल वाचते, जुनी मेमरी अजून कोणी वापरते आहे हे ओळखते आणि सुरू होण्यास नकार देते. तो नकार ही आपली शेवटची तटबंदी आहे. फाइल पुसून टाकली की त्या तपासणीचा मुख्य आधार जातो, आणि एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन सर्व्हरच्या प्रक्रिया लिहू लागण्याची शक्यता निर्माण होते. तसे झाले तर विदा अशी बिघडते की तिला पूर्वीच्या बॅकअपखेरीज दुसरा उपाय उरत नाही. वीज जाऊन यंत्र बंद पडले असेल आणि जुनी फाइल मागे राहिली असेल, तर त्या क्रमांकाची प्रक्रिया आता अस्तित्वात नाही हे पोस्टग्रेस स्वतः तपासते आणि फाइल स्वतःच बाजूला करते. म्हणून ती हाताने पुसण्याची वेळ जवळपास कधीच येत नाही.

रविवारसाठी माझी सूचना अशी. सकाळचे संकलन संपल्यावर केंद्रांना निरोप द्यावा आणि सर्वप्रथम ॲप्लिकेशन सर्व्हर बंद करावा, डेटाबेस नव्हे. मग पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये कोण अजून जोडलेले आहे, कोणाचे ट्रान्झॅक्शन केव्हापासून उघडे आहे आणि विशेषतः ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या स्थितीत कोण अडकून पडले आहे, हे पाहावे. एखाद्याला काढायचेच असेल, तर आधी पीजी-कॅन्सल-बॅकएंड आणि त्याने भागले नाही तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंड वापरावे. एकट्या बॅकएंडला (एका जोडणीच्या प्रक्रियेला) किल -९ दिले तरी पोस्टमास्टर, म्हणजे सर्व्हरची मुख्य प्रक्रिया, सामायिक मेमरी बिघडली असे धरून बाकीच्या सर्व जोडण्याही तोडतो आणि संपूर्ण सर्व्हरला रिकव्हरीत नेतो. बंद करण्याच्या वेळी पीजी-डंप (बॅकअप घेणारी आज्ञा) चालू असेल तर तो पूर्ण होऊ द्यावा, कारण अर्धवट डंप बॅकअप म्हणून उपयोगाचा नसतो. ‘कॉन्करंटली’ पद्धतीने एखादा इंडेक्स बांधला जात असेल आणि तो मध्येच तुटला, तर अवैध ठरलेला इंडेक्स मागे राहतो आणि तो शोधून काढून टाकावा लागतो.

यानंतर सुपरयूजर म्हणून चेकपॉइंट ही आज्ञा हाताने द्यावी. बदललेली बहुतेक पाने तेव्हाच डिस्कवर जातात, त्यामुळे प्रत्यक्ष बंद करताना शेवटच्या चेकपॉइंटला फारसे काम उरत नाही. मग मुख्य सर्व्हर ‘फास्ट’ पद्धतीने थांबवावा आणि स्टँडबाय त्याच्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. मुख्य सर्व्हर स्वच्छ बंद होताना जोडलेल्या स्टँडबायला शेवटच्या चेकपॉइंटसह सर्व डब्ल्यूएएल पोहोचेपर्यंत थांबतो. उलट, सिंक्रोनस रेप्लिकेशन (स्टँडबायची पोच मिळाल्यावरच कमिट पूर्ण मानणे) असताना स्टँडबाय आधी बंद केला, तर मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक कमिट त्याची वाट पाहत अडकून राहते.

दोन्ही सर्व्हर थांबल्यावर पीजी-कंट्रोलडेटा चालवावे. मुख्य सर्व्हरवर क्लस्टरची (त्या सर्व्हरवरील सर्व डेटाबेसच्या संचाची) स्थिती ‘शट डाऊन’ आणि स्टँडबायवर ‘शट डाऊन इन रिकव्हरी’ अशी दिसली पाहिजे, आणि शेवटच्या चेकपॉइंटचे स्थान दोन्हीकडे जुळले पाहिजे. ते जुळले की स्टँडबाय एका नोंदीनेही मागे नाही, असे संचालकांना निःशंकपणे सांगता येईल.

उत्तर : रात्रपाळी

वरील क्रम उत्तम आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत थोडे निराळे आहे. ‘इमीजिएट’ पद्धतीची इतकी धास्ती घेण्याचे कारण नाही. कमिट झालेले प्रत्येक ट्रान्झॅक्शन डब्ल्यूएएलमध्ये आधीच डिस्कवर पोहोचलेले असते आणि सुरू होताना सर्व्हर ते पुन्हा लागू करतो. मूळ सेटिंगमध्ये चेकपॉइंट दर पाच मिनिटांनी होतो आणि डब्ल्यूएएलच्या आकाराची मर्यादा, मॅक्स-वॉल-साइझ, एक जीबी असते, त्यामुळे पुन्हा चालवण्याच्या नोंदींचा साठाही बेताचाच राहतो. म्हणून रविवारी काही कारणाने उशीर झाला आणि यूपीएस इशारा देऊ लागला, तर ‘इमीजिएट’ वापरण्यास कचरू नये. वीज अचानक जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

संकलनकक्ष

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रात्रपाळी यांच्या उत्तरामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. केंद्रांवरून येणाऱ्या नोंदी वेगाने स्वीकारता याव्यात म्हणून आमच्याकडे त्या आधी एका ‘अनलॉग्ड’ टेबलमध्ये उतरतात आणि दर तासाला एक जॉब त्या मुख्य टेबलमध्ये हलवतो. याचा या चर्चेशी काही संबंध येतो का?

उत्तर : विदाराखण

फार जवळचा संबंध येतो, आणि हे आपण रविवारच्या आधी विचारलेत हे बरे झाले. अनलॉग्ड टेबलचे बदल डब्ल्यूएएलमध्ये लिहिलेच जात नाहीत. त्याचा वेग येतो तो तेथूनच. सर्व्हर स्वच्छ बंद झाला तर अशा टेबलातील विदा टिकते. पण तो ‘इमीजिएट’ पद्धतीने, किल -९ ने किंवा वीज जाऊन बंद झाला, तर पुढच्या वेळी सुरू होताना पोस्टग्रेस ते टेबल आपणहून रिकामे करते. त्यात त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण अनलॉग्ड टेबलचे वर्तन मुळात तसेच ठरवलेले आहे. स्टँडबायवरही ती विदा नसते. म्हणजे आपल्या बाबतीत ‘इमीजिएट’ वापरल्यास जॉबने अजून न हलवलेल्या सकाळच्या नोंदी, म्हणजेच उत्पादकांच्या दुधाचे पैसे, कायमचे जातील.

रात्रपाळी यांचे म्हणणे नेहमीच्या टेबलांपुरते अचूक आहे, आणि बॅटरी खरोखरच संपत आली असेल तर मीही तेच करीन. परंतु आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. अस्वच्छ बंद झाल्यावर सर्व्हरची संचित आकडेवारी शून्यावर जाते. कोणत्या टेबलात किती ओळी बदलल्या याच आकड्यांवरून ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे टेबलांची आपोआप साफसफाई करणारी प्रक्रिया, आपले काम ठरवतो, त्यामुळे मोठ्या टेबलांची निगा नंतर बराच काळ लांबणीवर पडू शकते. अशी वेळ आलीच तर सुरू झाल्यावर सर्व मोठ्या टेबलांवर स्वतः ॲनलाइझ (आकडेवारी नव्याने गोळा करणारी आज्ञा) चालवावे.

रविवारच्या क्रमात एवढी भर घालावी: ॲप्लिकेशन बंद केल्यावर तो तासाचा जॉब हाताने एकदा चालवावा, अनलॉग्ड टेबलातील ओळींची संख्या शून्य झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच चेकपॉइंट द्यावा. पुढे सवड मिळेल तेव्हा ते टेबल साधे करण्याचा विचारही जरूर करावा. तालुक्याच्या संकलनाचा भार साधे टेबल सहज पेलेल.

उत्तर : कृष्णाकाठ

बंद करण्याविषयी वर पुरेसे आले आहे. मी सुरू करण्याविषयी लिहितो, कारण बहुतेक टिपणांमध्ये ‘सर्व्हर सुरू करावा’ या तीन शब्दांत हा भाग संपवलेला असतो.

याची तयारी बंद करण्यापूर्वीच करावी लागते. पीजी-सेटिंग्जमध्ये ‘पेंडिंग-रिस्टार्ट’ हा स्तंभ असतो, त्यात ‘ट्रू’ असलेल्या ओळी पाहाव्यात. कोणीतरी काही महिन्यांपूर्वी बदललेले आणि रीस्टार्टची वाट पाहत पडून असलेले एखादे सेटिंग रविवारी दुपारी अचानक लागू होऊ शकते. पीजी-फाइल-सेटिंग्ज हा व्ह्यू आता डिस्कवर असलेली सेटिंग फाइल वाचून तिच्यातील चुका दाखवतो. सर्व्हर चालू असतानाच तो पाहून घेतला, तर एका चुकलेल्या अक्षरामुळे सर्व्हर सुरूच न होण्याची नामुष्की टळते. मॅक्स-कनेक्शन्स वाढवायचे असेल तर ते आधी स्टँडबायवर आणि मग मुख्य सर्व्हरवर वाढवावे. कमी करायचे असेल तर याच्या उलट करावे.

वीज आल्याबरोबर यंत्रे चालू करू नयेत. देखभालीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत पुरवठा पुन्हा जाण्याची शक्यता असते, आणि रिकव्हरी चालू असताना दुसऱ्यांदा वीज जाणे कोणालाच परवडणारे नाही. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ हे सेटिंग असेल तर त्या दिवसापुरते बंद ठेवावे. यूपीएसची बॅटरी थोडी भरली की मगच सुरुवात करावी.

उबुंटूवर एक फसवी गोष्ट आहे. ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या नावाची सर्व्हिस ही केवळ छत्री आहे, प्रत्यक्ष क्लस्टर तिच्याखाली स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालतो. त्यामुळे क्लस्टर सुरू झाला नसला तरी सिस्टिमसीटीएल त्या छत्रीची स्थिती ‘ॲक्टिव्ह’ अशीच दाखवते. खरी स्थिती पीजी-एलएसक्लस्टर्स या आज्ञेने पाहावी आणि लॉग वाचावा. स्वच्छ बंद झालेला सर्व्हर ‘डेटाबेस सिस्टिम वॉज शट डाऊन ॲट’ या ओळीने सुरुवात करतो आणि काही क्षणांत जोडण्या स्वीकारण्यास तयार असल्याचे सांगतो. तो नीट बंद झाला नव्हता आणि रिकव्हरी चालू आहे अशी ओळ दिसली, तर शांतपणे वाट पाहावी. १५ या आवृत्तीपासून अशा वेळी दर दहा सेकंदांनी प्रगती लॉगमध्ये लिहिली जाते, त्यामुळे काम पुढे सरकते आहे की नाही हे कळते. जोडू पाहणाऱ्याला सर्व्हर सुरू होत असल्याची त्रुटी मिळेल, ती अपेक्षितच आहे. या टप्प्यावर धीर सुटून पीजी-रीसेटवॉल चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. ती आज्ञा सावरण्यासाठी लागणाऱ्या नोंदीच टाकून देते, आणि त्यानंतर विदा सुसंगत आहे असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सर्व्हर सुरू झाल्यावर ॲप्लिकेशन लगेच जोडू नये. आधी पीजी-स्टॅट-रेप्लिकेशनमध्ये स्टँडबाय ‘स्ट्रीमिंग’ या स्थितीत आल्याचे पाहावे, सकाळच्या संकलनाची बेरीज बंद करण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडून पाहावी आणि मग केंद्रांना टप्प्याटप्प्याने जोडू द्यावे. सर्व केंद्रे एकाच वेळी आली तर शंभर ही जोडण्यांची मूळ मर्यादा चटकन संपू शकते. बफर रिकामे असल्यामुळे पहिल्या काही क्वेरी संथ चालतील. हे टाळायचे असेल तर पीजी-प्रीवॉर्म हे एक्स्टेन्शन आधीच लोड करून ठेवावे. ते बफरमधील पानांची यादी ठरावीक अंतराने आणि बंद होताना लिहून ठेवते आणि सुरू झाल्यावर तीच पाने परत आणते.

पाच तासांची सवड आहे म्हणून त्याच दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलण्याचा मोह होईल. तो टाळावा. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीतील बदलांमुळे मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलतात. त्या नियमांवर बांधलेले, उत्पादकांच्या नावांसारख्या मजकुराचे इंडेक्स नव्याने बांधले नाहीत, तर नोंद टेबलात असूनही शोधात सापडत नाही. वीजबंदी आणि आवृत्तीबदल ही दोन निराळी कामे आहेत, ती निराळ्या दिवशी करावीत. त्याऐवजी क्लस्टरवर चेकसम (पानांतील बिघाड ओळखणारे आकडे) चालू असतील तर पीजी-चेकसम्सने संपूर्ण क्लस्टरची तपासणी करून घ्यावी. सर्व्हर स्वच्छ बंद असतानाच ती आज्ञा चालते आणि अशी संधी एरवी मिळत नाही. अर्थात त्यासाठी यंत्राला वीज हवी, म्हणून हे काम वीज आल्यानंतर आणि सर्व्हर सुरू करण्यापूर्वी करावे.

संकलनकक्ष

फारच मोलाची माहिती मिळाली. एक शेवटची शंका आहे. स्टँडबाय ज्या इमारतीत आहे तेथे जनरेटर आहे, त्यामुळे तो दिवसभर चालू ठेवता येईल. मग मुख्य सर्व्हर बंद असताना स्टँडबायलाच मुख्य करून काम चालू ठेवावे का?

उत्तर : विदाराखण

तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे, परंतु यापूर्वी त्याची रंगीत तालीम झालेली नसेल तर या रविवारी करू नये. स्टँडबायला बढती दिली की त्याची टाइमलाइन (बदलांचा इतिहास) वेगळी होते, आणि वीज आल्यावर जुना मुख्य सर्व्हर कोणी सवयीने सुरू केला तर दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होऊ लागतात. त्या नंतर एकत्र करणे अतिशय कष्टाचे आहे. जुन्या सर्व्हरला पीजी-रिवाइंडने पुन्हा स्टँडबाय करता येते, मात्र त्यासाठी चेकसम किंवा वॉल-लॉग-हिंट्स हे सेटिंग यांपैकी एक आधीपासून चालू असावे लागते.

आपले संकलन सकाळी आणि संध्याकाळी होते, आणि दहा ते तीन या वेळेत नव्या नोंदी येतच नाहीत. म्हणून स्टँडबाय जनरेटरवर तसाच चालू ठेवावा. तो केवळ वाचनासाठी उपलब्ध राहील, कार्यालयाला मागील बिले आणि अहवाल त्यावरून पाहता येतील, आणि मुख्य सर्व्हर परत आला की तो आपणहून त्याला जोडला जाईल. अशा वेळी दोन्हीकडील पीजी-कंट्रोलडेटाची तुलना करता येणार नाही. त्याऐवजी मुख्य सर्व्हर थांबल्यावर पीजी-कंट्रोलडेटाने दाखवलेले शेवटच्या चेकपॉइंटचे स्थान लिहून घ्यावे आणि स्टँडबायवर पीजी-लास्ट-वॉल-रीप्ले-एलएसएन हे फंक्शन चालवून तो त्या स्थानाच्या पुढे पोहोचल्याची खात्री करावी. ही नोंद झाल्यावरच मुख्य यंत्राची वीज बंद करावी.